गरिबाच्या गायीची लस

देवणी आणि लाल कंधारी हे मराठवाड्याचे मानाचे गोवंश. एकाचे नाव लातूर जिल्ह्यातल्या देवणीवरून, दुसऱ्याचे नांदेड जिल्ह्यातल्या कंधारवरून. २०२२च्या पावसाळ्यात लम्पी चर्मरोग राज्यभर पसरला आणि हे दोन्ही वंश धोक्यात आले. ताप, अंगभर गाठी, सुजलेले पाय. ऐन कामाच्या दिवसांत बैल बसला की कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्षच बसते. जनावरांचे बाजार बंद झाले, गोठ्यागोठ्यांत लसीकरण सुरू झाले. ती लस मात्र गायीच्या रोगाची नव्हतीच. शेळ्यांना येणाऱ्या देवीची होती.

शेळीची देवी, मेंढीची देवी आणि लम्पी यांचे विषाणू भाऊबंद. शेळीच्या देवीचा ‘उत्तरकाशी’ वाण प्रयोगशाळेत पेशींवर वाढवून निर्बल केलेला. तो टोचल्याने गाय आजारी पडत नाही, पण तिचे शरीर लम्पीलाही ओळखू लागते.

युक्ती जुनीच. १४ मे १७९६ रोजी इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी एका गवळणीच्या हातावरच्या गोदेवीच्या फोडातला द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला. पुढे खऱ्या देवीचा द्रव टोचूनही त्याला देवी आल्या नाहीत. (पोराला कोणी विचारले होते, हा प्रश्न वेगळा.) लॅटिनमध्ये गाय म्हणजे ‘वाका’, ‘व्हॅक्सिन’ हा शब्द तिथला.

ही लस हिंदुस्थानात आणणे हेच दिव्य होते. लांबच्या प्रवासात, उन्हाने द्रव निकामी व्हायचा. अखेर बगदाद-बसऱ्याच्या वाटेने ती मुंबईत पोचली आणि १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉल या मुलीला लागू पडली. तिथून दंडावरून दंडावर टोचत ती पुणे, सुरत, निजामाचे हैदराबाद अशी पसरली. परजातीच्या दंडातला द्रव आपल्या अंगात नको, म्हणून अनेकांनी ती नाकारलीही. पुढे वासरांच्या कातडीवर लस वाढवू लागले. बेळगावातले व्हॅक्सिन डेपोचे मैदान ही त्या काळाची खूण.

गायीने माणसाला जे दिले, ते सव्वादोनशे वर्षांनी शेळीने गायीला दिले. शेळीला आपण गरिबाची गाय म्हणतो, ते या अर्थाने नव्हे, तरी मला ते फार आवडते. अर्थात भाऊबंदाचीच लस ती. टोचूनही काही जनावरे आजारी पडली. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने लम्पीचाच, २०१९ साली रांचीत मिळालेला विषाणू निर्बल करून केलेली लस ऑगस्ट २०२२मध्ये जाहीर झाली खरी. पण त्या पावसाळ्यात गोठ्यात पोचली ती शेळीचीच.