थळघाटाची किंमत

मुंबईहून नाशकास येणारी गाडी कसाऱ्यास थांबली म्हणजे पुष्कळ वेळां तिच्या पाठीशीं जास्तीचीं एंजिनें जोडतात. उतारू खालीं उतरून चहा घेतात, मुलें खिडकीची जागा धरून बसतात, आणि मग बोगद्यामागून बोगदा ओलांडीत गाडी इगतपुरीस चढते. हा प्रवास आम्ही नाशिककरांनीं कितीदां केला असेल याची गणती नाहीं. पावसाळ्यांत तर केवळ घाटाची शोभा पाहण्यासाठींच कित्येक कुटुंबें तो करितात. परंतु ज्या बोगद्याच्या काळोखांत आमचीं मुलें आनंदानें ओरडतात, तो बोगदा कोणीं कोरला व त्यापायीं त्यांस काय सोसावें लागलें, हा प्रश्न आमच्या मनांत क्वचितच येतो. प्रस्तुत लेखांत त्याचा थोडासा विचार करण्याचें योजिलें आहे. कारण हा प्रश्न निव्वळ गतकालाचा नाहीं.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी धांवली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुढें लोखंडी रस्ता हळूहळू सरकत १ जानेवारी १८६१ रोजीं कसाऱ्यापर्यंत पोंचला. त्याच महिन्याच्या २८ तारखेस घाटमाथ्यावरील इगतपुरी ते नाशिक हा भागही खुला झाला. म्हणजे घाटाखालीं गाडी होती आणि घाटावरही गाडी होती. मधला सह्याद्रि मात्र आणखी चार वर्षें वाट अडवून उभा होता. १ जानेवारी १८६५ रोजीं तो मार्ग मोकळा झाला. अंतर म्हणाल तर अवघें नऊ मैलांहून थोडें अधिक. पण तेवढ्यांत चढ ९७२ फुटांचा, कांहीं ठिकाणीं तर सदतीस फुटांस एक फूट इतका तीव्र. या नऊ मैलांत तेरा बोगदे खणावे लागले आणि दऱ्यांवर सहा मोठे पूल बांधावे लागले. त्यांपैकीं एहेगांवचा पूल १८२ फूट उंच होता. ज्यांच्या देखरेखीखालीं हीं कामें आंखलीं गेलीं ते मुख्य एंजिनियर जेम्स बर्कले १८६२ सालींच निवर्तले. घाटांतून गाडी गेलेली पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. त्यांचें नांव इतिहासांत राहिलें, आणि तें योग्यच झालें. पण ज्यांच्या हातांनीं हें काम झालें त्यांचीं नांवें कोठें शोधावीं?

त्या वेळचें साधन काय होतें तें ध्यानांत घेतलें पाहिजे. डायनामाइटचा शोध अद्यापि लागावयाचा होता. त्याचें पेटंट १८६७ सालचें. तेव्हां सह्याद्रीचा काळा फत्तर पहारीनें व घणानें हातांनीं भोंक पाडून, त्यांत बंदुकीची दारू ठांसून, वात पेटवून उडवावयाचा. वात पेटविणाऱ्यानें वेळेवर पळावें. न उडालेला सुरुंग पुन्हां तपासावयास जाणाऱ्यानें देवाचें नांव घ्यावें. जेथें कड्यावर पाय ठेवावयास जागा नव्हती, तेथें माणसांस कमरेस दोर बांधून वरून खालीं सोडीत. पावसाळा लागला कीं काम बंद. म्हणून उरलेल्या सात-आठ महिन्यांत जितकें उरकेल तितकें उरकण्याची घाई. घाई आणि धोका यांचें सख्य फार जुनें आहे.

परंतु या घाटकामांत सर्वांत अधिक माणसें सुरुंगानें अथवा कड्यावरून पडून मेलीं, असा जर कोणाचा समज असेल तर तो खरा नव्हे. याच कंपनीनें त्याच सुमारास पुण्याच्या वाटेवर बोरघाटाचें काम चालविलें होतें. तेथें १८६१ च्या जानेवारींत ४२,००० हून अधिक माणसें कामावर होतीं. एका मोठ्या शहराइतकी ही वस्ती. पण शहरास लागणारी एकही सोय तेथें नव्हती. गवताच्या झोंपड्या, लांबून आणलेलें पाणी, आणि त्याच ओढ्याकांठीं सर्व विधि. पटकीची सांथ आली म्हणजे माणसें पटापट मरत, आणि उरलेलीं भयानें गांवाकडे पळत. बोरघाटाच्या आठ वर्षांत सुमारें पंचवीस हजार माणसें दगावलीं, असा एक अंदाज इतिहासकारांनीं दिलेला आहे. तो अंदाजच आहे, कारण मजुरांच्या मृत्यूची नीट मोजदाद ठेवावी असें त्या वेळीं कोणास वाटलें नाहीं. किती घनफूट दगड फुटला हें मात्र बरोबर नोंदलेलें आढळतें.

न्यायबुद्धीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, पटकी पाण्यांतून पसरते हें मत लंडनचे डॉक्टर जॉन स्नो यांनीं मांडलें असलें तरी तें सर्वमान्य झालें नव्हतें. कॉख यांचें संशोधन १८८३-८४ मधलें. तेव्हां सर्वच दोष दुष्टपणाचा नव्हे, कांहीं अज्ञानाचाही होता. पण थकलेल्या मजुरीस अज्ञानाची सबब चालत नाहीं. मुख्य कंत्राटदार, त्याखालीं पोटकंत्राटदार, त्याखालीं मुकादम, अशा उतरंडींतून पैसा खालीं येईतों आटत असे. १८५९ च्या जानेवारींत कर्जतजवळ मजुरांनीं दंगा केला, त्याच्या मुळाशीं हीच थकलेली मजुरी होती. त्यानंतर १८६० सालीं सरकारनें मालक व कामकरी यांच्या तंट्यांचा कायदा केला. त्यानें मजुरीचे वाद मॅजिस्ट्रेटपुढें नेण्याची सोय झाली. मात्र त्याच कायद्यानें करार मोडणाऱ्या मजुरासही शिक्षेची तरतूद केली. मजूर मरूं नये म्हणून त्यांत एक अक्षरही नव्हतें.

पुढचा इतिहास असाच मंदगतीचा आहे. १८८१ चा फॅक्टरी ॲक्ट आला. त्यानें यंत्रांस कुंपण घालावयास सांगितलें. पण तो शंभर वा अधिक माणसांच्या, यंत्रशक्तीनें चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. ज्याच्या डोक्यावर छप्परच नाहीं अशा बांधकामावरील मजुराकडे त्याची दृष्टि वळली नाहीं. १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. परंतु नांवाप्रमाणेंच तो अपघात झाल्यावर जागा होणारा. केवळ बांधकामाच्या मजुरांसाठीं म्हणून देशव्यापी कायदा होण्यास १९९६ साल उजाडावें लागलें. थळघाट खुला झाल्यास तेव्हां १३१ वर्षें लोटलीं होतीं!

हा १९९६ चा कायदा वाचतांना आम्हांस घाटांतील त्या झोंपड्यांची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. त्यांत पिण्याचें स्वच्छ पाणी, शौचकूप, कामावर राहणाऱ्यांस विनामूल्य तात्पुरतीं घरें, बायकांच्या मुलांसाठीं पाळणाघर, यांचा उल्लेख होता. पांचशें वा अधिक मजूर असतील तेथें सुरक्षा समिति व सुरक्षा अधिकारी नेमावयाचा होता. बांधकामाच्या खर्चावर उपकर घेऊन मजुरांच्या कल्याणाचा निधि उभारावयाचा होता. २०२० सालीं संसदेनें मंजूर केलेल्या सुरक्षाविषयक संहितेंत हा कायदा सामावून घेण्यांत आला. सारांश, काय करावें हें आतां कोणास ठाऊक नाहीं असें नाहीं. अज्ञानाची जी सबब १८६० सालीं चालली असती, ती आज चालणार नाहीं.

आणि तरीही काय घडतें? २९ जून २०१९ च्या पहांटे पुण्यास कोंढव्यांत एका वसाहतीची भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोंपड्यांवर कोसळली आणि मुलांसुद्धां पंधरा माणसें झोंपेंतच मेलीं. तीं परांचीवर चढलीं नव्हतीं. कामाच्या जागेलगत राहत होतीं, एवढाच त्यांचा अपराध. १ ऑगस्ट २०२३ रोजीं, अजून उजाडलें नव्हतें अशा वेळीं, शहापूर तालुक्यांत सरळांबे येथें समृद्धि महामार्गाच्या पुलाच्या तुळया चढविणारें प्रचंड यंत्र खालीं आलें आणि वीस माणसांचा प्राण गेला. बहुतेक परप्रांतांतून पोटासाठीं आलेले. ही जागा जुन्या थळघाटाच्याच वाटेवरची आहे. पुढें ५ जून २०२५ रोजीं त्या महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. इगतपुरीजवळचा सुमारें आठ किलोमीटर लांबीचा बोगदा आतां मोटारीनें कांहीं मिनिटांत ओलांडतां येतो. यंत्रें बदललीं, दोराच्या जागीं क्रेन आली. पण रात्रीची घाई आणि पोटकंत्राटांची उतरंड या दोन गोष्टी मात्र जागच्या जागीं आहेत.

यावर आमचे कांहीं सुशिक्षित मित्र म्हणतात कीं, मजूरच शिरस्त्राण घालीत नाहीं, कमरेचा पट्टा बांधीत नाहीं, त्यास कोण काय करणार? या म्हणण्यांत अगदींच तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु ज्याची मजुरी दिवसाच्या कामाच्या मापावर ठरते, त्यास पट्टा सोडून भराभर काम करण्याचा मोह कोण पाडतो? ज्यास काल गांवाहून आणलें आणि आज सातव्या मजल्यावर चढविलें, त्यास पट्टा कोठें अडकवावा हें कोणीं शिकविलें? घाटांतील मजुरासही कड्यावर लोंबकळण्याची हौस नव्हती. सुरक्षितता ही पहिल्यानें काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. मजुराची सावधगिरी तिच्या मागून येते.

आज नाशकांत गंगापूर रस्ता, पाथर्डी, आडगांव, जिकडे पाहावें तिकडे इमारती वर चढत आहेत, आणि २०२७ च्या सिंहस्थासाठीं पूल, रस्ते व घाट यांचीं कामें निघालीं आहेत. सिंहस्थाची तिथि पुढें ढकलतां येत नाहीं. म्हणजे पुन्हां घाई आलीच. अशा वेळीं आम्हां मध्यमवर्गीय कुटुंबांकडेही थोडें कर्तव्य येतें. घर विकत घेतांना फरशी कोणती, पाणी किती तास, हें आम्ही चौकसपणें विचारतों. तेथें काम करणाऱ्यांची नोंदणी झाली आहे काय, त्यांच्या झोंपड्या कोठें आहेत, तीं पाणी कोणतें पितात, हेंही विचारावयास काय हरकत आहे? गिऱ्हाइकानें विचारलेला प्रश्न कायद्याच्या नोटिशीहून कधीं कधीं लवकर पोंचतो.

थळघाटाच्या मजुरांसाठीं आतां कांहीं करणें आमच्या हातीं नाहीं. त्यांचीं नांवेंही आम्हांस उच्चारतां येत नाहींत. पण जीं माणसें आज आमचीं घरें बांधीत आहेत त्यांचीं नांवें विचारलीं तर कळण्यासारखीं आहेत. पुढच्या खेपेस गाडी बोगद्यांत शिरली आणि मुलें ओरडलीं, म्हणजे त्यांस एवढी हकीकत अवश्य सांगावी.