विळी, कोयता, विळा : आपल्या घरातल्या पात्यांचा इतिहास

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आज बोलायचं आहे ते तुमच्या घरात या घडीला असलेल्या एका वस्तूबद्दल. कोणाकडे ती ओट्याखाली आडवी पडली असेल, कोणाकडे माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवली असेल. ती म्हणजे विळी. आणि तिच्या बहिणी, म्हणजे कोयता, विळा, खुरपं आणि सुरी.

मी राहते मोहन्याला. कल्याणच्या पुढचं आंबिवली स्टेशन, आणि उल्हास नदीच्या काठचं आमचं गाव. आता महापालिकेत आहोत, पण जुन्या घरांतून अजून विळ्या-कोयते निघतात. आमच्या घरीही एक होती. जड पाट, खैराच्या लाकडाचा. पातं घासून घासून मधे बारीक झालेलं, आणि टोकाला खोबरं खवायचे दाते. सासूबाईंना ती त्यांच्या आईनं लग्नात दिली होती. एका वर्षी घरात पैशाची फार ओढ होती. दारात भंगारवाला आला, तेव्हा मी दोन पितळी डबे आणि जुनं लोखंड काढून दिलं. त्यात ती विळीही गेली. पाट त्यानं तिथंच काढून टाकला, पातं काट्यावर ठेवलं आणि किलोच्या भावानं पैसे हातावर ठेवले. संध्याकाळी मी म्हटलं, "आई, ती जुनी विळी दिली मी." त्या काही बोलल्या नाहीत. नुसता तो रिकामा पाट उचलून आत नेला. तो पाट आजही आमच्याकडे आहे.

त्या दिवसापासून मी जुनी पाती बघायला, त्यांची चौकशी करायला लागले. जे कळलं ते आज सांगते.

लोखंड येण्याआधी कापायचं काम दगड करायचा. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथं शेतकरी राहत होते. जव पिकवत होते, गुरं पाळत होते. तांबं त्यांना ठाऊक होतं, पण ते थोडं आणि महाग. म्हणून रोजचं कापणं-सोलणं चालायचं गारेच्या दगडाच्या पात्यांवर. दगड हिशेबानं फोडून बोटाएवढी अरुंद, धारदार पाती काढायची. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या मुठीत बसवली की विळा तयार.

मग लोखंड आलं. विदर्भात नागपूरच्या आसपास मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. ती त्या काळच्या लोकांची दफनं. माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथं ती खोदली, तेव्हा माणसाबरोबर पुरलेल्या लोखंडाच्या वस्तू मिळाल्या. त्यात कुऱ्हाडी होत्या, सुऱ्या होत्या, खंजीर होते, छिन्न्या होत्या. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. ही गोष्ट अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. विचार करा, मेलेल्या माणसाबरोबर लोखंड पुरायचं म्हणजे त्या वस्तूचं मोल किती असेल. आणि आपण ते किलोवर देतो.

आता आमच्या कल्याणचं सांगते. बोरिवलीजवळ कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या भिंतींवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. कल्याण तेव्हा मोठं बंदर होतं, त्यामुळे कल्याणच्या लोकांची नावं त्यात पुष्कळ. त्यातलं एक नाव आहे नंद. हा नंद राजा नव्हता, सावकार नव्हता. तो कल्याणचा लोहार होता. ऐरणीवर घाम गाळून मिळवलेल्या पैशातून त्यानं लेण्याला दान दिलं आणि आपल्या धंद्यासकट नाव दगडात राहू दिलं. कारागिराचं नाव असं क्वचित टिकतं. आपल्या विळ्या ज्यांनी घडवल्या, त्यांतल्या किती जणांची नावं आपल्याला ठाऊक आहेत?

पुढं गावगाड्यात लोहार बारा बलुतेदारांतला एक झाला. शेतकऱ्याची अवजारं वर्षभर करायची, शेवटून द्यायची, आणि खळ्यावर धान्याचं बलुतं घ्यायचं. जिथं गावात लोहार नसेल तिथं घिसाडी यायचे. आजही येतात. रस्त्याकडेला पाल टाकतात, जमिनीत छोटी भट्टी करतात. त्यांचं काम कधी नीट बघितलंत का? नवरा सांडशीत लाल झालेलं लोखंड धरून बसतो आणि उभी राहून घण घालते ती त्याची बायको. भात्यावरही पुष्कळदा तीच किंवा तिची मुलगी. बाईच्या हातात एवढा जड घण आणि प्रत्येक घाव नेमक्या जागी. आपण म्हणतो लोहारकाम पुरुषाचं, पण आपल्या विळ्यातलं निम्मं बळ बाईचं आहे.

हल्ली पुष्कळ लोहार मालमोटारीच्या जुन्या पाट्यांपासून कोयते करतात, कारण ते पोलाद चिवट असतं. पातं तापवायचं, ठोकून आकार द्यायचा आणि धारेला पाणी द्यायचं. लाल झालेलं पातं एकदम पाण्यात बुडवलं की कडक होतं. पण नुसतं कडक झालं तर ठिसूळही होतं, नारळावर मारलं की टवका उडेल. म्हणून ते पुन्हा हलकं तापवून थोडं नरम करतात. किती तापवायचं हे लोहार रंगावरून ओळखतो. चांगला कोयता आणि वाईट कोयता यांतला फरक या रंग ओळखणाऱ्या डोळ्यात असतो.

आता विळीकडे या. सुरीनं कापताना पातं हलतं आणि भाजी जागेवर राहते. विळीत उलटं. पातं पाटावर घट्ट बसवलेलं आणि भाजी दोन्ही हातांनी त्यावर न्यायची. पाट पायानं किंवा मांडीनं दाबला की दोन्ही हात मोकळे. म्हणून भलामोठा भोपळा असो की बारीक चिरायची मेथी, दोन्ही एकाच पात्यावर होतं. विळ्याभोपळ्याचं सख्य आपण उगीच म्हणत नाही. बंगालमध्येही अशीच विळी असते, तिला बोटी म्हणतात. तिकडच्या बायाही तिच्यावर भाजी आणि मासळी दोन्ही कापतात. फणसाला, नारळाला, सरपणाला मात्र कोयता लागतो. आमच्या ठाणे जिल्ह्यात रानात जाणारी आदिवासी माणसं तो कमरेला मागे लाकडी आकडीत अडकवतात, म्हणजे झाडावर चढताना हात मोकळे राहतात.

ही पाती स्वयंपाकापुरतीच नव्हती. खंडेनवमीला आपण त्यांना हळदकुंकू वाहतो. पाचवीच्या पूजेत पाट्याजवळ विळा किंवा कोयता ठेवतो. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड ठेवायची रीत होती. श्रद्धेचं ज्याचं त्यानं बघावं. पण एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. पूर्वी घरातल्या बाळंतपणात नाळ कापायला विळा, विळी, जे हाताशी असेल ते घ्यायचे. त्याच विळ्यानं गवत कापलेलं, शेणामातीत पडलेला. त्यातून धनुर्वाताचे जंतू बाळाच्या अंगात जायचे, आणि थोड्या दिवसांत आखडून बाळ जायचं. बायका म्हणायच्या, सटवाईनं नेलं. आईला दिलेली लस, स्वच्छ नवं पातं आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांमुळे हे थांबलं. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. हटला म्हणजे जंतू संपले असं नाही, ते मातीत आहेतच. म्हणून विळ्याचा कौतुकानं सांभाळ करायचा, पण हात कापला तर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल दवाखान्यात विचारायचंच.

कोयत्याचा आणखी एक अर्थ आहे. बीडकडच्या, मराठवाड्यातल्या आपल्या बहिणींना तो ठाऊक आहे. ऊसतोडीला एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाची उचल कोयत्यावर ठरते. म्हणजे बाई पहाटेपासून उसात वाकते, मोळ्या डोक्यावर वाहते, आणि हिशेबाच्या वहीत तिचं नाव नसतं, अवजाराचं असतं. अलीकडे पुण्याकडे कोयता हातात घेऊन दहशत माजवणाऱ्या पोरांमुळे पेपरात हा शब्द नुसता भीतीचा झाला आहे. ज्या पात्यानं लाखो घरांची चूल पेटते, त्याची ही एवढीच ओळख राहू नये.

आता प्रश्न असा की, ही पाती जपणार कोण? संग्रहालयांत कट्यारी, बिचवे, तलवारी असतात, आणि त्या असायलाच हव्यात. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली, तेव्हा लोक ती बघायला गेले. पण भाजी चिरणाऱ्या पात्याला काचेच्या कपाटात जागा देणारी माणसं थोडी. त्यांतले एक पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर. १८९६ साली जन्मलेल्या या माणसानं पत्नी कमलाबाईंच्या साथीनं गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातल्या वस्तू गोळा केल्या. लहानपणी गेलेल्या राजा या मुलाचं नाव संग्रहालयाला दिलं. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालय जरूर बघा. लोक जे भंगारात टाकत होते, ते त्यांनी उचललं.

जुनं जपायचं म्हणजे नवं नाकारायचं नाही. १९१३ मध्ये इंग्लंडच्या शेफील्ड गावात हॅरी ब्रेअर्ली यांनी न गंजणारं पोलाद तयार केलं आणि ते सुरुवातीला सुऱ्यांसाठीच वापरलं गेलं. आज आपल्या ओट्यावरची सुरी त्याच घराण्यातली. गुडघे दुखणाऱ्या बाईला ओटा आणि सुरी हे सुखच आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं भातकापणीसाठी वैभव विळा काढला. तो हलका आणि दातेरी आहे, त्याला सारखी धार लावावी लागत नाही. जमिनीलगत कापणी होते, त्यामुळे बुडख्यात लपलेल्या खोडकिडीच्या अळ्याही शेतात कमी राहतात. आणखी पन्नास वर्षांनी तोही जुना होईल, तेव्हा एखादा आत्ताच जपून ठेवा.

आता गटासाठी काम सांगते. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातलं एक जुनं पातं आणायचं. आणताना गोणपाटात नीट गुंडाळून, लहान मुलांपासून दूर. निव्वळ घरकामाची आणि शेतीची अवजारं १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्र धरलेली नाहीत. पण उघडा कोयता घेऊन गाडीत बसू नका. घरात तलवार किंवा कट्यार निघाली तर मात्र आधी पोलीस ठाण्यात विचारा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर १९७२ च्या कायद्यानं खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

जुन्या पात्याला पॉलिश पेपर मारू नका, ग्राइंडरवर चकचकीत करू नका. लोहाराच्या हातोडीच्या खुणा त्यानं जातात. कोरड्या फडक्यानं पुसायचं, वरवरचा गंज हलक्या हातानं काढायचा, गोड्या तेलाचा हात फिरवायचा. मूठ सैल असेल तर तिच्यासकट ठेवा, बदलू नका.

आणि वही करा. पातं कोणाचं, कोणत्या गावच्या लोहारानं केलं, कोणी वापरलं, कशासाठी वापरलं, तुमच्या बोलीत त्याला काय म्हणतात. लांबी वितीनं मोजा, चालेल. ज्या म्हाताऱ्या बाईला हे ठाऊक आहे तिच्याशेजारी बसून लिहा, आणि पानावर तिचं नाव घाला. या वर्षीच करा, कारण त्या बायका थकत चालल्या आहेत.

माझ्या सासूबाई आता नाहीत. त्या विळीचा लोहार कोण, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आमच्या गटाच्या वहीत पहिल्या पानावर त्या पाटाची नोंद आहे. पाट खैराचा, पातं नाही, लोहाराचं नाव माहीत नाही. तुमच्या वहीतलं पहिलं पान असं अर्धं राहू देऊ नका.