उजव्या दंडावरची सुई

"बाई, सुई टोचली तरी गोवर निघालाच की!"

लासुर्णे, बेलवाडी, अंथुर्णे या पट्ट्यात आरोग्यसेविका म्हणून हिंडताना हे वाक्य मी कितीतरी आयांच्या तोंडून ऐकलं. त्यात राग असायचा आणि तो रास्त असायचा. पोराला नऊ महिने पुरे झाल्यावर दिवसाची मजुरी बुडवून, अंगणवाडीच्या ओट्यावर ताटकळत बसून जिनं सुई टोचून घेतली, तिच्या पोराच्या कानामागं दोन-तीन वर्षांनी पुरळ उठलं तर तिनं का विचारू नये? माझ्या मते आम्ही तिला कधी पुरतं उत्तर दिलं नाही. ते उत्तर मोठं आहे, आणि त्याची सुरुवात सुईच्याही आधीपासून होते.

सुई नव्हती तेव्हा आमच्याकडं गोवर घरोघर होऊन जायचाच. तो झाल्याखेरीज पोर हाती लागलं असं जुन्या बायका मानत नसत. पुरळ दिसलं की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागायचा, पोराच्या अंथरुणात लिंबाचा पाला पसरायचा. घरात फोडणी बंद, तळण बंद. बाहेरचं माणूस उंबऱ्याच्या आत यायचं नाही. गोवर 'बाहेर पडला पाहिजे', तो आत दबला तर पोर जातं, अशी धास्ती असायची. आज कळतं की आत दबलेला गोवर म्हणजे न्यूमोनिया. गोवराची बरीच पोरं त्यानंच दगावायची. पुरळ वाळून कातडीचा कोंडा सुटला की लिंबाच्या पाण्यानं अंघोळ आणि देवीला दहीभाताचा निवद.

या रीतीला मी कधी हसले नाही. दारावरचा डहाळा म्हणजे शेजारपाजाऱ्यांना दिलेली खबरच होती. पण ती उशिरा पोचायची. गोवराचं पोर अंगावर पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासूनच तो पसरवत असतं. तेव्हा नुसता ताप, गळणारं नाक, लाल डोळे. डहाळा लागेपर्यंत आळीतली निम्मी पोरं त्याच्याबरोबर खेळून गेलेली असत.

लसीचा जन्म परमुलखातला. 1954 साली अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका शाळेत डेव्हिड एडमन्स्टन या मुलाला गोवर झाला. त्याच्या अंगातून घेतलेल्या नमुन्यांतून जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी विषाणू वेगळा काढला, आणि 1963 मध्ये तिकडं लस आली. त्याच विषाणूचा एक सौम्य केलेला वाण पुढं आपल्या पुण्यात, हडपसरच्या सिरम इन्स्टिट्यूटमध्ये वाढवला जाऊ लागला. आमच्या थंड डब्यातून जी कुपी वाड्यावस्त्यांवर जायची, तिच्यातला विषाणू त्या एडमन्स्टनच्या अंगातल्या विषाणूच्या वंशाचा.

भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम 1985 मध्ये सुरू झाला आणि टप्प्याटप्प्यानं सगळ्या जिल्ह्यांत पोचला. गोवराची सुई त्यात आली: नऊ महिने पुरे झाले की उजव्या दंडावर, आणि सोबत 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस. डाव्या दंडावर बीसीजीचा वण, उजवा दंड गोवराचा, हे आयांनाही पाठ झालं. कुपीत पाणी मिसळलं की चार तासांत ती संपवायची, उरली तर टाकून द्यायची. उन्हाळ्यात एखाद्या लांबच्या वस्तीवर दोनच पोरं आली तरी मी कुपी फोडायची. वाया गेली तरी चालेल, आलेलं पोर परत जायला नको.

आता नऊच महिने का, हा खरा कळीचा भाग. आईच्या रक्तातून पोराला गोवराविरुद्धची ताकद मिळालेली असते. ती असेतोवर लशीतला सौम्य विषाणू पोराच्या अंगात रुजत नाही, मारला जातो. वर्षभर थांबलं तर सुई जास्त लागू पडते, पण तेवढ्यात खरा गोवरच गाठतो. म्हणून जिथं गोवर फार, तिथं नववा महिना ठरला. तो तोडगा होता, आणि त्याची किंमत ठरवणाऱ्यांना ठाऊक होती: नवव्या महिन्यात एकच सुई दिली तर शंभरातल्या पंधराएक पोरांना तिचा उपयोग होत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. आशिष बावडेकर आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या दोन हजारांवर बाळांवर एक अभ्यास केला, तो 2015 मध्ये छापून आला. लस वाफेसारखी नाकातोंडातून देता येईल का, हे त्यांना बघायचं होतं. नेहमीची सुई घेतलेल्यांपैकी 94.7 टक्के बाळांच्या रक्तात ताकद दिसली, हुंगून घेतलेल्यांत 85.4 टक्के. इतक्या निगुतीनं दिलेल्या सुईतूनही शंभरात पाच बाळं सुटलीच.

हा हिशोब मी आयांना मातीवर काडीनं काढून दाखवायची. समजा शंभर पोरं. पंच्याण्णवांना एक सुई, पाचांना काहीच नाही. पंच्याण्णवांतल्या चौदांना सुई लागू पडली नाही. गोवर आला आणि सगळ्या उघड्या पोरांना झाला, तर आजारी एकोणीस, आणि त्यात सुई घेतलेली चौदा! बघणारा म्हणतो, सुईवाल्यांनाच जास्त झाला. पण सुई नसती तर शंभरच्या शंभर पोरं तापानं फणफणली असती. आपल्याकडं कार्यक्रम सुरू झाला त्याच 1985 साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टी गावच्या शाळांत नव्व्याण्णव टक्के मुलांना लस दिलेली असताना गोवराची साथ आली. रक्त तपासलं तर शंभरातल्या चार मुलांत ताकदच नव्हती.

यावर उपाय एकच होता, दुसरी सुई. ती भारतात यायला 2010 उजाडलं. म्हणजे पंचवीस वर्षं पोरं एका सुईवर वाढली. मला मनापासून वाटतं की त्या वर्षांतल्या आयांचा राग ही अडाण्यांची तक्रार नव्हती. जे कागदोपत्री ठाऊक होतं तेच त्या डोळ्यांनी बघत होत्या.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट होती. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, त्यावरचा ऊस, भवानीनगरचा कारखाना. गळीत हंगाम लागला की बीडकडून, नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडायच्या. कोपीतल्या पोराची पहिली सुई गावाकडं, दुसरी कुठं? कार्ड पत्र्याच्या पेटीत, पेटी गावी. मुकादमाला विचारून, पहाटे फडाकडं निघायच्या आत गाठून आम्ही सुया टोचल्या. पण अशा दाटीत गोवर शिरला तर गावातल्या सुई घेतलेल्या पोरांचीही परीक्षा होते. शंभरातली पंच्याण्णव सुरक्षित झाल्याखेरीज हा आजार थांबत नाही, इतका तो वेगानं पसरतो.

सुई घेतलेल्याला गोवर झालाच तर तो बहुधा सौम्य असतो. ताप कमी, पुरळ विरळ, खोकला थोडा. इतका हलका की 'उन्हाळ्याचं पुरळ' म्हणून सोडून दिला जातो. म्हणून आता ताप आणि पुरळ दिसलं की सुई झाली असो वा नसो, रक्ताचा नमुना तपासणीला जातो आणि 'अ' जीवनसत्त्वाचे दोन डोस दोन दिवस ओळीनं दिले जातात. वर्षावरच्या पोराला दोन लाख युनिटांचा एकेक. डोळे त्यानं वाचतात.

27 नोव्हेंबर 2018 पासून महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस शाळाशाळांतून दिली गेली. मोबाइलवरच्या अफवा तेव्हा आमच्या पुढं पळत होत्या. तरी 2022 च्या अखेरीला मुंबईत गोवंडीला, मग भिवंडी, मालेगावला गोवर उसळला. तेव्हा एक नवीच गोष्ट ठळक झाली: नऊ महिन्यांच्या आतली बाळं. आजीला गोवर झालेला, म्हणून तिच्या पोरांना तिच्याकडून भरपूर ताकद मिळाली. आजची आई सुईवर वाढलेली. सुईतून आलेली ताकद गोवरातून आलेल्या ताकदीपेक्षा कमी, म्हणून तिचं बाळ लवकर उघडं पडतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं तर 1998 मध्येच चार महिन्यांच्या आतल्या बाळांत गोवराचा विषाणू सापडल्याचं लिहिलं होतं.

म्हणून 2022 मध्ये ठरलं की जिथं साथ आहे आणि रुग्णांत नऊ महिन्यांच्या आतली बाळं दहा टक्क्यांहून जास्त आहेत, तिथं सहाव्या महिन्यापासूनच एक सुई द्यायची. तिला शून्य डोस म्हणतात. ती मोजणीत धरत नाहीत. तिच्यानंतरही नवव्या महिन्याची सुई आहेच, आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या मधली दुसरीही.