टॅलिसचें चाळीस कंठांचें गीत व त्याचे कागद

इंग्लंडच्या राजवाड्यांतील प्रार्थनामंदिरांत आठव्या हेन्रीपासून एलिझाबेथपर्यंत चार राजवटींत चाकरी केलेला संगीतकार टॉमस टॅलिस हा इ. स. १५८५ त वारला. त्याचें ‘स्पेम इन आलियम’ हें मोटेट, म्हणजे लॅटिन धर्मवचनांवर रचलेलें बहुस्वरी गीत, त्या युगाच्या इंग्रजी संगीताचा कळस मानितात. या गीताच्या जन्माची जी गोष्ट सर्वत्र सांगण्यांत येते, ती कोणत्या कागदांवर उभी आहे हें येथें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या रागगायनांत एकाच स्वरधारेचा विस्तार होतो. येथें पांच पांच कंठांचे आठ मेळे, आणि प्रत्येक कंठाची चाल निराळी. पहिल्या मेळ्यांतील एक कंठ आरंभ करितो. दुसरा तेच बोल घेऊन त्याच्या मागून येतो. अशी ही लाट सरकत सरकत आठव्या मेळ्यापर्यंत जाते व आधींचे कंठ क्रमाक्रमानें विराम पावतात. चाळिसाव्या मापावर चाळीसहि कंठ प्रथमच एकत्र उठतात. मग लाट उलट फिरते, मेळ्यामेळ्यांत सवालजबाब होतात. अखेरीस सर्व कंठ एकदम स्तब्ध होतात, आणि ईश्वरानें दीनांकडे दृष्टि वळवावी ही विनंती येतांच सर्वच्या सर्व एका क्षणीं पुन्हा गाऊं लागतात. चाळिसावें माप हा योगायोग नसावा. मात्र टॅलिसच्या नांवांतील अक्षरांची बेरीज ६९ होते व गीताची लांबीहि तितक्याच दीर्घ मापांची आहे, हा कित्येकांचा हिशेब आम्हांस पटत नाहीं. शेवटचा स्वर कितीहि लांबवितां येतो.

आतां कागद. टॅलिसच्या हातची प्रत उपलब्ध नाहीं. टिकून राहिलेल्या प्रतींतील सर्वांत जुन्या प्रती १६१० सालच्या. राजपुत्र हेन्री यास प्रिन्स ऑफ वेल्स हें पद मिळालें, त्या समारंभासाठीं त्या तयार झाल्या. त्यांत स्वरांखालीं शब्द आहेत ते इंग्रजी, व राजपुत्राच्या स्तुतीचे! हा राजपुत्र जन्मला १५९४ त, टॅलिस वारल्यावर नऊ वर्षांनीं. तेव्हां प्रत जुनी, पण तींतील शब्द मागाहून बसविलेले, हें उघड आहे. प्रतीचें वय व पाठाचें वय एक नव्हे, याचें इतकें स्वच्छ उदाहरण क्वचित् मिळेल.

प्रसिद्ध कथा १६११ सालीं टॉमस वॉटरिज नामक कायद्याच्या विद्यार्थ्यानें टिपून ठेविली. इटलीहून तीस पंक्तींचें एक गीत आलें. असें गीत कोणी इंग्रज रचील काय, असें एका ड्यूकनें विचारिलें. टॅलिसनें चाळीस पंक्तींचें रचिलें. तें अरुंडेल हाउसच्या लांब दिवाणखान्यांत ऐकून ड्यूकनें आपल्या गळ्यांतील सोन्याची सांखळी त्याच्या गळ्यांत घातली. ड्यूकच्या नांवाची जागा कोरी आहे. ही बखरच होय, समकालीन पत्र नव्हे, आणि सोन्याच्या सांखळीस आम्ही बखरीइतकेंच मोल देतों.

तथापि सर्वच टाकाऊ नाहीं. इटालियन रचनाकार अलेस्सांद्रो स्त्रिज्जो १५६७ च्या जून महिन्यांत लंडनास होता. त्याची चाळीस पंक्तींची रचना प्रसिद्ध आहे. टिपणांतील ‘तीस’ हा ऐकण्याचा प्रमाद असावा. नॉरफोकच्या ड्यूकचा १५७२ त शिरच्छेद झाल्यावर एलिझाबेथच्या राज्यांत इंग्रज ड्यूक उरला नाहीं, आणि अरुंडेल हाउसचा धनी तर त्याचा सासरा. म्हणून गीत १५६७ ते १५७२ च्या दरम्यानचें ठरतें. राणीच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठीं १५७३ त तें झालें हें मत मग टिकत नाहीं. याच सासऱ्याचा दुसरा जांवई लॉर्ड लम्ली याच्या नॉनसच येथील ग्रंथसंग्रहाची १५९६ ची यादी आहे. तींत टॅलिसच्या चाळीस पंक्तींच्या गीताची नोंद सांपडते. ही एक ओळ आमच्या मतें सबंध आख्यायिकेहून वजनदार आहे. गीत त्या कुटुंबाच्या घरांत होतें, हें तिनें ठरतें.

स्त्रिज्जोची याच मापाची एक उपासनारचनाहि होती. ती नष्ट झाली असें दीर्घकाळ समजत. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत ती होतीच. सूचींत कर्त्याचें नांव चुकलें होतें व चाळीसच्या जागीं चार पंक्ति लिहिल्या होत्या. डेव्हिट मोरोनी यांनीं ती ओळखिली, आणि २००७ च्या जुलैंत ती लंडनांत गाइली गेली. तिच्या अखेरच्या भागांत साठ कंठ आहेत.