अणुचाचण्यांचा किरणोत्सारी अवपात आणि मुंबईतील मापनकार्य (१९५४–१९६४)

महाराष्ट्रातील अणुसंशोधनाचा इतिहास बहुधा ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्या आणि १९७४ चे पोखरण या दोन टप्प्यांभोवती लिहिला जातो. त्याआधी येथील शास्त्रज्ञ परकीयांच्या बॉम्बची धूळ मोजत होते, ही बाब उपेक्षित राहते. भारताच्या चाचणीबंदीच्या मागणीला केवळ नैतिक आवाहनापलीकडचे वजन या मोजणीने दिले, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन केले आहे.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर १५ मेगाटन क्षमतेचा स्फोट केला. त्याची राख एका जपानी मच्छीमार नौकेवरील २३ खलाशांवर पडली. २ एप्रिल रोजी पं. नेहरूंनी लोकसभेत चाचण्या तात्पुरत्या थांबविण्याचा प्रस्ताव मांडला. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी किरणोत्साराच्या परिणामांविषयी शास्त्रीय समिती नेमली. तीत भारताचे प्रतिनिधित्व मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी केले. १९५६ मध्ये भारत सरकारने अणुस्फोटांच्या परिणामांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. डॉ. दौलतसिंग कोठारी यांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथास डॉ. होमी भाभा व खानोलकर यांचे साहाय्य होते. स्वतःजवळ बॉम्ब नसलेल्या राष्ट्राने असा ग्रंथ काढावा, हे त्या काळी लहान धाडस नव्हते.

ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा संस्थेने १९५६ पासूनची मोजणी अहवालरूपाने नोंदविली. मुंबई, नागपूर, दिल्ली, कलकत्ता, श्रीनगर अशा ठिकाणी हवा गाळणकागदातून ओढली जाई व पावसाचे पाणी साठविले जाई. कागदावर जमिनीतून निघालेल्या रेडॉनची नैसर्गिक अपत्येही बसत. ती काही दिवसांत क्षय पावल्यावर उरणारा किरणोत्सार स्फोटाचा समजला जाई. धुळीचे वयही काढता येई. स्ट्रॉन्शियम-८९ चे अर्धायुष्य सुमारे ५० दिवस, तर स्ट्रॉन्शियम-९० चे सुमारे २९ वर्षे. त्यामुळे दोहोंचे प्रमाण पाहून स्फोट ताजा की जुना हे कळे. ज्या चाचणीची वार्ता संबंधित राष्ट्र देत नसे, तिचीही चाहूल अशी गाळणकागदावर लागू शके.

लहान स्फोटांची धूळ तपांबरातच राहते, वाऱ्यांबरोबर त्याच अक्षांशपट्ट्यात फिरते आणि काही आठवड्यांत खाली येते. मेगाटन स्फोटांची धूळ मात्र स्थितांबरात शिरते. तेथे पाऊस नाही. म्हणून ती वर्ष-दोन वर्षे तरंगते आणि मुख्यतः मध्य अक्षांशांत, वसंत ऋतूत, खाली झिरपते. सप्टेंबर १९६१ मध्ये सोव्हिएत संघाने चाचण्या पुन्हा सुरू केल्या. त्या काळातील स्फोटांचा अवपात उत्तर गोलार्धात १९६३ मध्ये कळसाला पोहोचला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील देवेंद्र लाल व रामा यांनी आधी पावसातील वैश्विक किरणजन्य बेरिलियम-७ मोजले होते. पुढे १९६६ मध्ये त्यांनी याच मानवनिर्मित कार्बन-१४, ट्रिटियम व स्ट्रॉन्शियम-९० च्या आधारे जागतिक वायुमिश्रणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या धुळीविरुद्ध देश बोलत होता, तीच वाऱ्याची वाट दाखवीत होती.

५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे आंशिक चाचणीबंदी करार झाला. भारताने ८ ऑगस्टला त्यावर स्वाक्षरी केली. करारापासून अलिप्त राहिलेल्या चीनने १६ ऑक्टोबर १९६४ रोजी लोपनोर येथे पहिला स्फोट केला. वातावरणातील त्याची शेवटची चाचणी १९८० ची.

आमच्या करमाळ्यासारख्या पर्जन्यछायेतील तालुक्याचे काय? अवपात मुख्यतः पावसाबरोबर उतरतो. येथील पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तर महाबळेश्वरचा त्याच्या नऊ-दहा पट. तेव्हा येथे त्या मानाने कमी धूळ उतरली असावी, असा तर्क करता येतो. पाश्चात्त्य देशांत भीती दुधाची होती, कारण स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखे वागून हाडांत बसते. जेथे ताटात दूध थोडे व भाकरी मोठी, तेथे प्रश्न धान्याचा ठरतो. रब्बी ज्वारी पावसाळा ओसरताना पेरली जाते. म्हणजे पानांवर थेट बसणारा अंश कमी, मुळांवाटे येणारा मात्र शिल्लक. दुष्काळाने या तालुक्याला क्वचितच काही दिले. येथे बहुधा दिले.

या काळाचा एक साक्षीदार ठाण्याचा साग आहे. त्याच्या वार्षिक वलयांतील कार्बन-१४ चे मापन १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि साठच्या दशकातील वलयांत बॉम्बजन्य कार्बनची वाढ स्पष्ट दिसली.