पथरीतील दोष आणि आपल्या पूर्वजांची पारख



यंदाच्या स्मरणिकेसाठी ज्ञातीच्या इतिहासावर काही लिहून द्यावे, अशी मंडळाच्या चालकांनी आम्हांस आज्ञा केली. आम्ही जन्मभर प्राथमिक शाळेत मुले शिकविली. मॅट्रिकपलीकडे आमचे शिक्षण नाही, आणि इतिहाससंशोधक म्हणवून घेण्याचा अधिकारही आम्हांस नाही. आपला इतिहास म्हटला की संत सेना महाराजांची भक्ती, १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी जिवा महाले यांनी दाखविलेले प्रसंगावधान आणि १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात शिवा काशीद यांनी केलेले आत्मार्पण यांचे स्मरण होते, आणि ते व्हावे हे योग्यच होय. परंतु ज्या वस्तऱ्यावर आपल्या पूर्वजांची चूल पेटली, त्यास धार देणाऱ्या दगडाविषयी सहसा कोणी बोलत नाही. म्हणून आमच्या अल्पमतीप्रमाणे त्या दगडाची, आणि विशेषतः त्यातील दोषांची हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे.

आमचे घराणे माकुणसारचे. वडील आणि त्यांच्या आधी आजोबा धोकटी काखेत मारून घरोघर फिरत. गावकऱ्यांकडून सुगीस भात मिळे, तेच सालाचे बलुते. धोकटीत वस्तरे, कात्री, नराणी, चिमटा, पाण्याची वाटी, आरसा आणि चामड्याचा पट्टा असे. सर्वांत खाली, फडक्यात गुंडाळलेली पथरी. हिलाच कोणी निसणा म्हणत. धोकटीतील इतर वस्तूंस आम्हां मुलांनी हात लावला तर वडील एखादे वेळी दुर्लक्ष करीत. पथरीस लावलेला हात मात्र त्यांस खपत नसे.

वाचकांपैकी कोणी विचारील की, दगडांच्या देशात दगडाची एवढी मातबरी कशास? त्याचे उत्तर आपल्या भूमीतच आहे. ठाणे-पालघरकडील काळा पाषाण हा बहुतांशी बेसाल्ट होय. तो ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून झाला. रस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे राहिले आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरली. असा दगड कोयत्या-विळ्यास चालतो, कारण गवत कापणाऱ्या पात्यास थोडा खरखरीतपणा बाधत नाही. वस्तऱ्याची गोष्ट निराळी. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते आणि चांगल्या लावलेल्या वस्तऱ्याच्या धारेचे टोक ०.००१ मिलिमीटरहूनही बारीक असते. एवढ्या नाजूक धारेस डोळ्यांना न दिसणारा कणदेखील पुरे. म्हणून वस्तऱ्याची पथरी बाहेरून आणावी लागे. आजोबांनी आमची पथरी मुंबईहून आणली होती. तिचा वरचा थर पिवळसर आणि खालचा निळसर-काळा आहे. भूगर्भशास्त्र शिकलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने ती पाहून सांगितले की, बेल्जियमच्या आर्डेन या डोंगराळ भागातील प्रसिद्ध पथरीशी ही तंतोतंत मिळते. त्या पिवळ्या दगडात गार्नेट या कठीण खनिजाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि तेच पोलाद घासतात.

आता त्या दगडापायी आमच्या हातून घडलेला प्रमाद सांगतो. सन १९७१ची उन्हाळ्याची सुट्टी होती. वडील एका लग्नकार्यासाठी केळव्यास गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी गावात एका बाळाचे जावळ काढावयाचे होते. वडिलांस आयता धारदार वस्तरा मिळावा आणि त्यांनी शाबासकी द्यावी, या हौसेने आम्ही पथरी काढली, पाणी घातले आणि वस्तरा तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मनसोक्त ओढला. मध्येच बारीक ‘कर्र’ असा आवाज येत होता. त्याचा अर्थ आम्हांस कोठून कळणार?

पहाटे वडिलांनी नित्याप्रमाणे वस्तरा घेऊन ओल्या अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढला. तो मध्ये अडखळला. त्यांनी पाते दिव्यापुढे धरले, तेव्हा धारेवर एक ठिपका चमकला. निर्दोष धार अशी चमकत नाही. चमकते ती मोडलेली धार. त्यांनी आईकडे पाहिले, आईने आमच्याकडे. वडील एक शब्दही बोलले नाहीत. दुसरा वस्तरा घेऊन निघून गेले. बाळाच्या टाळूवर तो पहिला वस्तरा फिरला असता तर काय झाले असते, हा विचार आजही आमच्या अंगावर काटा आणतो.

दुपारी परत आल्यावर त्यांनी आम्हांस ओट्यावर बोलाविले. मार बसणार अशी आमची खात्री होती. परंतु त्यांनी पथरी पाण्यात बुडवून उन्हात ठेविली आणि म्हणाले, “अरे, वस्तरा लावायला हात लागतो, पण दगड बघायला डोळे आणि कान लागतात. आधी दगड बघायला शीक.” दगड वाळू लागला. सर्वत्र रंग फिका झाला, तरी एका कडेपाशी एक ओली, काळसर रेघ मागे राहिली. ती चीर. चिरेत पाणी मुरते आणि उशिरा सुकते, म्हणून ती अशी उघडी पडते. मग त्यांनी आमचे नख दगडावरून फिरविले. मधून एक गडद रेघ गेली होती, तिच्यावर नख अडले नाही. ती नुसती रंगाची रेघ, तिचे भय नाही. दुसरी पांढरी शीर होती, तेथे नख किंचित अडले. ती गारेची शीर, दगडाहून कठीण. आणि तिच्याजवळच मोहरीहूनही लहान असा एक खडा नखास बोचला. आमच्या ‘कर्र’चा धनी तो होता.

“मागच्या महिन्यात हा नव्हता,” वडील म्हणाले. “दगड झिजतो तसा खालचा खडा वर येतो. म्हणून एकदा पारखून भागत नाही.”

नंतर त्यांनी केलेला उपाय आम्ही मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण तो पुस्तकात सापडणे कठीण. पोलादी टोच्याने त्यांनी तो खडा हळूहळू कोरून काढला. जागी खळगा राहिला. आम्हांस वाटले, दगड बिघडला! पण खळग्यावरून वस्तरा तरंगत जातो, खड्यावर मात्र तो आपटतो. फक्त खळग्याची कड तीक्ष्ण राहता कामा नये, म्हणून ती त्यांनी घासून गोल केली. पांढरी शीर कडेकडेने जात होती; ती पृष्ठभागाखाली जाईल इतपत खरवडली आणि तेवढी पट्टी सोडून उरलेल्या भागावरच वस्तरा फिरवावयाचा असे ठरविले. चिरेवर उपाय नाही. ती वाढू नये एवढेच पाहावयाचे. त्यासाठी पथरी लाकडी चौकटीत लाखेने पक्की बसविली होती, आणि उपचारापुरते सोडता तिला ऊन, उकळते पाणी व आपटणे वर्ज्य होते. शेवटी सपाट फरशीवर बारीक वाळू व पाणी घालून पथरीचे तोंड घासले, कारण मध्ये खोलगट झालेला दगडही सदोषच होय. सारे कण धुऊन काढले आणि मग पुन्हा वस्तरा ओढून कान लावून ऐकले. आवाज अखेरपर्यंत एकसारखा आला, तेव्हा त्यांचे समाधान झाले. आम्ही मोडलेली धार सरळ करण्यास त्यांस त्यापुढे दोन संध्याकाळ लागल्या.

ही विद्या आजकालची नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील आठव्या अध्यायात शस्त्रांस धार लावण्यासाठी गुळगुळीत, उडदाच्या रंगाची शिला घ्यावी आणि धार स्थिर करण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी वापरावी, असे सांगितले आहे. छेदनाच्या शस्त्राची धार तेथे अर्ध्या केसाएवढी मानली आहे. शिलेचा रंग व पोत सांगण्याइतकी ज्यांची दृष्टी बारीक, त्यांस दगडातील भेद ठाऊक होते हे उघड आहे. जपानात क्योतोच्या आसपासच्या खाणींतील दगड वस्तरे व तलवारींसाठी नावाजलेले होते. तेथेही कारागीर कठीण रेघा कोरून काढीत आणि थरांत पाणी शिरून पापुद्रे सुटू नयेत म्हणून दगडाच्या बाजूंस रोगण लावीत. माकुणसारच्या ओट्यावरील आमचे वडील आणि क्योतोचा कारागीर यांची कधी गाठ पडली नाही. परंतु दोघांस एकाच अडचणीने एकच वाट दाखविली.

पुढे काळ पालटला. अमेरिकेत १८९१ साली अ‍ॅचिसन यांनी कार्बोरंडम हा कृत्रिम कठीण पदार्थ शोधला. आपल्याकडे १९५४ साली मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, त्याची मोठी कंपनी स्थापन झाली. कारखान्यातील दगड सर्वत्र सारखा, त्यात शीर नाही की खडा नाही. जिलेट यांनी १९०४ साली पेटंट घेतलेल्या पात्याने घरोघरची दाढी आधीच बदलली होती. १९८६ साली भारतात एच.आय.व्ही.ची लागण प्रथम आढळली आणि त्यापुढील वर्षांत प्रत्येक गिऱ्हाइकास नवे पाते हा रिवाज रुजत गेला. लोकांच्या आरोग्यासाठी हे उत्तमच झाले. त्याविषयी आमची तक्रार नाही. आमच्या वडिलांनीही पथरी फडक्यात बांधून ठेविली ती याच सुमारास. आमचे पुतणे बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत लागले, त्यांस पथरीचे प्रयोजन उरले नाही.

मग हे लिहिण्याचे कारण काय? कारण असे की, आपल्या धंद्यास हलका म्हणणारे लोक होते आणि त्यांचे ऐकून आपलीच काही मुले धोकटीची लाज बाळगू लागली. आम्हीही शाळेत नोकरी लागल्यावर काही वर्षे वडिलांचा व्यवसाय सांगताना अडखळत होतो, हे येथे कबूल करतो. परंतु ज्या माणसाने दोष आहे म्हणून दगड फेकला नाही, दोष नाही असे सोंगही केले नाही, तो नेमका कोठे आहे हे शोधून तेवढी जागा टाळली, त्याच्या बुद्धीस हलके कोण म्हणेल? वस्तरा कोठे चालवू नये, हे ओळखणे आपल्या ज्ञातीस दगडापुरतेच ठाऊक नव्हते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिक बांधवांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. त्यात मिळकतीवर पाणी सोडावे लागत होते, तरी त्यांनी हात आवरला.

ती पथरी आज आमच्याकडे आहे. खडा काढलेला खळगा अजून दिसतो. मात्र वडिलांनी त्यानंतरही पुष्कळ वर्षे तिच्यावर वस्तरे लाविल्याने तो आता अगदी उथळ झाला आहे. बोट फिरविले तरच कळतो.

ज्ञातिबांधवांस आमची एकच विनंती आहे. आपापल्या घरी माळ्यावर, पेटाऱ्यात अशी पथरी असेल तर ती पायरीस लावू नये, भंगारात देऊ नये. ती पाण्यात बुडवून वाळू द्यावी, नख फिरवून पाहावे, आणि घरातील वडीलधाऱ्यांस ती कोणी, कोठून आणली हे विचारून वहीत टिपून ठेवावे. सांगणारी माणसे थोडी उरली आहेत. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत अशा दहा पथऱ्यांची हकीकत छापली गेली, तर आमच्या या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.