कोणत्या पदार्थाने वजन वाढतं, हे रक्तात दिसतं का?

रक्ताचे चार थेंब द्या, शंभर-दोनशे पदार्थ तपासून घ्या, रिपोर्टमध्ये लाल रंगात आलेले बंद करा आणि वजन उतरवा, अशी जाहिरात तुम्ही पाहिली असेल. कदाचित तुमच्या रिपोर्टमध्ये गहू, दूध आणि अंडं लाल रंगात आलंही असेल. पोळी बंद करण्याआधी ही टेस्ट आली कुठून, ते बघा.

१९२१ साली जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात (आता हे पोलंडमध्ये आहे) डॉ. क्युस्टनर यांना शिजवलेल्या माशांची अ‍ॅलर्जी होती. त्यांचे सहकारी डॉ. प्राउसनिट्झ यांना असा काही त्रास नव्हता. प्राउसनिट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातला द्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क. तेवढीच जागा लाल होऊन सुजली! म्हणजे अ‍ॅलर्जीचं कारण रक्तात होतं. पण ते नेमकं काय, हे कळायला आणखी ४५ वर्षं गेली. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये युहान्सन व बेनिश यांनी ते प्रतिद्रव्य शोधलं. त्याचं नाव आयजीई. अंगावर गांधी उठणं, ओठ सुजणं, धाप लागणं या त्रासात आयजीईची तपासणी आजही उपयोगी पडते. या सगळ्यात वजनाचा कुठेही संबंध नव्हता, हे लक्षात घ्या.

दरम्यान १९५६ मध्ये अमेरिकेत डॉ. ब्लॅक यांनी वेगळाच मार्ग सुचवला होता. पेशंटच्या पांढऱ्या पेशी पदार्थाच्या अर्कात मिसळायच्या आणि त्या फुटतात का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. कल्पना वाईट नव्हती. पण १९७५ मध्ये काटेकोर अभ्यासात ती टिकली नाही आणि ऑगस्ट १९८५ पासून अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्याने, मेडिकेअरने, तिचे पैसे देणं बंद केलं.

तरी धंदा काही थांबला नाही. आज तुम्हाला बहुधा आयजीजीची टेस्ट विकली जाते. नाव आयजीईसारखंच, आणि इथेच लोक फसतात. आपण जे वारंवार खातो त्याविरुद्ध आयजीजी तयार होणं ही निरोगी शरीराची रीत आहे. मधमाश्या पाळणाऱ्यांना वर्षानुवर्षं डंख बसतात. त्यांच्या रक्तात आयजीजी-४ हा प्रकार भरपूर सापडतो, आणि त्यांच्यापैकी अनेकांना डंखाचा फारसा त्रास होत नाही. म्हणजे हा आकडा बऱ्याचदा ओळख दाखवतो, वैर नव्हे. रोज पोळी आणि दूध घेणाऱ्याच्या रिपोर्टमध्ये गहू-दूध लाल दिसले, तर नवल ते काय? २००८ मध्ये युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने आहार ठरवण्यासाठी आयजीजी-४ तपासू नका, असं स्पष्ट सांगितलं.

“पण माझ्या मावशीचं वजन उतरलं की!” उतरणारच. पोळी, बिस्किट, मिठाई, पाव, चहातलं दूध एकदम सुटलं, तर पोटात जाणं कमी होतं. त्यासाठी रक्त द्यायची गरज नव्हती.

रक्तावरून योग्य आहार निवडता येईल का, हे संशोधकांनीही प्रामाणिकपणे तपासलंय. स्टॅनफर्डच्या २०१८ च्या अभ्यासात ६०९ जणांना वर्षभर कमी चरबीचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार दिला. सरासरी वजन ५.३ आणि ६ किलो उतरलं, म्हणजे जवळपास सारखंच. कोणाला कोणता आहार लागू पडेल, हे ना जनुकांवरून सांगता आलं, ना ग्लुकोज घेतल्यानंतरच्या रक्तातल्या इन्सुलिनवरून.

वजन वाढत असेल तर थायरॉइड आणि साखर जरूर तपासा. त्या टेस्ट आजार सांगतात, पदार्थ नाही. गहू खाल्ल्यावर सतत जुलाब होत असतील तर सीलिॲकची वेगळी रक्ततपासणी असते, पण ती होईपर्यंत गहू सोडू नका, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. ज्या पदार्थाने कधी ओठ सुजले किंवा श्वास अडकला, तो घरी पुन्हा खाऊन बघू नका. आणि असा लाल रंगाचा रिपोर्ट पाहून मुलाचं दूध, अंडी, डाळ बंद केली असेल, तर तो रिपोर्ट घेऊन आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना भेटा.